आंब्याच्या पेटीतून कोकणचे पाणी बाहेर जाते का?

राजापूर तालुक्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सड्याला, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराला, लागून असलेल्या त्यांच्या वाडीत त्यांची साठ हापूस कलमे आणि थोडी काजूची झाडे आहेत. एका शिबिरात त्यांना सांगण्यात आले की एक किलो आंबा तयार व्हायला १,८०० लिटर आणि एक किलो काजू बीला १४,००० लिटर पाणी लागते. त्यांच्या वाडीची विहीर एप्रिलमध्ये तळ गाठते आणि पुढे मृगाच्या पावसापर्यंत टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून त्या विचारतात, की दरवर्षी पेट्या भरून मुंबईला आणि परदेशी पाठवताना आपण वाडीचे पाणीच पाठवत आहोत का, आणि तसे असेल तर कलमांऐवजी दुसरे काही लावावे का.

मी तीस वर्षांहून अधिक काळ कोकणातल्या विहिरी, झरे आणि लहान बंधारे यांचे मोजमाप करत आलो आहे. हा प्रश्न मला अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे आणि तो मनापासून विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांसह देतो. उत्तराचा गाभा आधीच सांगून ठेवतो. शिबिरात सांगितलेले आकडे खोटे नाहीत, परंतु त्यांतले जवळजवळ सगळे पाणी तुमच्या विहिरीचे नाही. तुमच्या विहिरीवर भार टाकणारे पाणी किलोमागे चार लिटरही भरत नाही, आणि तरीही काळजी त्याच चार लिटरांची करायला हवी.

प्रथम हे आकडे कुठून आले ते पाहू. लंडनमधील प्राध्यापक टोनी ॲलन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘आभासी पाणी’ ही कल्पना मांडली. पश्चिम आशियातील देशांकडे शेतीला पुरेल इतके पाणी नाही, तरी तिथे पाण्यावरून अपेक्षेइतकी युद्धे होत नाहीत, याचे कारण त्यांनी शोधले. एक टन गहू पिकवायला साधारण हजार टन पाणी लागते. तेव्हा जो देश एक टन गहू विकत घेतो, तो हजार टन पाणी आणण्याची यातायात वाचवतो. या कामासाठी त्यांना २००८ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. पुढे नेदरलँड्समधील आर्यन हूक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये ‘वॉटर फूटप्रिंट’, म्हणजे वस्तूमागच्या पाण्याचा ठसा मोजण्याची पद्धत मांडली आणि त्यांच्या गटाने जगभरातील पिकांचे हिशेब केले. तुम्ही ऐकलेले आंबा आणि काजूचे आकडे त्याच हिशेबातील जागतिक सरासरीचे आहेत.

या पद्धतीत पाण्याचे तीन प्रकार धरतात. पावसाचे जे पाणी मातीत मुरते आणि झाड मुळांनी ओढून पानांवाटे हवेत सोडते, ते हिरवे पाणी. नदी, धरण, विहीर यांतून उचलून वापरलेले आणि पुन्हा त्या जागी न परतलेले, ते निळे पाणी. सांडपाणी किंवा खतांचा अंश निरुपद्रवी होईपर्यंत पातळ करायला जितके पाणी लागेल तितके करडे पाणी. हे तिसरे प्रत्यक्ष वापरलेले नसते, हिशेबासाठी मांडलेले असते. जगातील माणसांच्या एकूण पाण्याच्या ठशात सुमारे ७४ टक्के हिरवे, ११ टक्के निळे आणि १५ टक्के करडे पाणी आहे. आंब्याच्या १,८०० लिटरपैकी सुमारे १,३०० लिटर हिरवे आणि साधारण ३६० लिटर निळे आहे. काजूच्या १४,२०० पैकी जवळजवळ १२,८५० लिटर हिरवेच आहे. शिबिरात हे तिन्ही एकत्र करून एकच संख्या सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र विहिरीतून काढलेले हंडे उभे राहतात. गोंधळ इथून सुरू होतो.

आता तुमच्याच बागेचा हिशेब मांडू. दहा बाय दहा मीटरवर लावलेली शंभर कलमे म्हणजे एक हेक्टर. तुमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे हेक्टरी तीन कोटी लिटर, आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाळ्यात आभाळ भरलेले आणि हवा दमट असल्याने झाडे पाणी कमी सोडतात, दिवसाला तीन मिलिमीटरच्या आसपास. पुढे कोरड्या आठ महिन्यांत कलमाची मुळे खोलवरची ओल ओढत राहतात. दोन्ही मिळून वर्षाला ढोबळमानाने ९०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ९० लाख लिटर पाणी बागेतून हवेत जाते. आपल्याकडे हापूसचे उत्पन्न हेक्टरी अडीच टनांच्या आसपासच असते. भागाकार केला की किलोमागे ३,६०० लिटर येतात, म्हणजे जागतिक सरासरीच्या दुप्पट. पाच डझनांची पेटी पंधरा किलोची धरली तर तिच्यामागे ५४,००० लिटर. प्रत्यक्ष फळांमध्ये असलेले पाणी विचाराल तर पेटीत जेमतेम बारा लिटर.

हे ५४,००० लिटर ऐकून घाबरण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: कलमे नसती तर हे पाणी कुठे गेले असते? त्या जागी ऐन, किंजळ, करवंदीच्या जाळ्या असत्या, तर त्यांनीही जवळजवळ तितकेच पाणी हवेत सोडले असते, आणि त्यातला एक थेंबही तुमच्या विहिरीत उतरला नसता. त्यामुळे डोंगरउतारावरच्या रानाच्या जागी आलेल्या जुन्या कलमांच्या बागेतून आंबा बाहेर गेला म्हणून गावाचे पाणी बाहेर गेले असे म्हणता येत नाही. उत्पन्न वाढले तर हा आकडा आपोआप खाली येतो. अडीचऐवजी पाच टन निघाले की ३,६०० चे १,८०० होतात, पण बागेतून हवेत जाणारे पाणी तेवढेच राहते. काजूचेही तसेच आहे. हेक्टरी टनभर बी निघाले तर किलोमागे ९,००० लिटर, आणि चार किलो बीतून एक किलो काजूगर निघतो म्हणून गराच्या किलोमागे ३६,००० लिटर. संख्या डोळे दिपवणारी आहे, तरी ती पावसाची आहे. शिवाय आपल्या कारखान्यांत फुटणारे सगळे बी कोकणातले नसते. बरेचसे आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया इथून जहाजाने येते. वेंगुर्ल्याच्या बाजारात घेतलेल्या पाकिटात आफ्रिकेतला पाऊस असू शकतो.

इथे एक अपवाद मी आवर्जून सांगतो, कारण तुमची वाडी सड्यालगत आहे. उघड्या कातळावर पूर्वी फक्त पावसाळी गवत उगवत असे आणि ते कार्तिकापर्यंत वाळून जात असे. त्या गवताचे पाणी फार तर चार महिन्यांचे. अशा कातळात सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली आणि कलमे लावली, तर ती बाग वर्षभर पाणी मागते, आणि खड्ड्यातील मातीत खोल ओल नसल्याने पहिली काही वर्षे ते पाणी शिंपूनच द्यावे लागते. त्या ठिकाणी निळ्या पाण्याचा वापर खरोखर नव्याने सुरू होतो, आणि बहुधा सड्याच्या कडेला फुटणाऱ्या झऱ्यातूनच होतो, ज्यावर खालची वाडी जगत असते. म्हणून तुमची कलमे जुन्या उतारावर आहेत की नव्याने फोडलेल्या कातळावर, यावर उत्तर बदलते.

आता त्या चार लिटरांकडे येतो. मोठ्या कलमाला पाणी शिंपावे लागत नाही, पण मोहोर सांभाळायला फवारण्या कराव्या लागतात. हंगामात सहा फवारण्या आणि दर वेळी झाडामागे पंधरा लिटर द्रावण धरले, तर झाडामागे ९० लिटर, हेक्टरी ९,००० लिटर, किलोमागे ३.६ लिटर आणि पेटीमागे ५४ लिटर होतात. चोपन्न हजारांपुढे चोपन्न म्हणजे हजारावा हिस्सा. कागदावर हा आकडा कोणीही सोडून देईल.

लांजा तालुक्यातील एका वाडीत मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी विहिरीची पातळी मोजायला गेलो होतो. स्टीलच्या टेपच्या खालच्या हातभर भागाला खडू फासून ती विहिरीत सोडायची, वर काढल्यावर खडू कुठपर्यंत भिजला ते पाहायचे, अशी आमची साधी पद्धत असते. ऑक्टोबरमध्ये त्याच विहिरीत जमिनीपासून दीड मीटरवर पाणी होते; त्या दिवशी ते साडेआठ मीटरवर होते आणि तळाशी गुडघाभर उरले होते. काठावर फवारणीचा एचटीपी पंप लावलेला होता, शेजारी दोनशे लिटरची निळी पिंपे, आणि साठ कलमांची फवारणी चालू होती. चौथे पिंप भरताना पंपाने हवा ओढायला सुरुवात केली. पायवाटेवर सात-आठ बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. कोणी भांडत नव्हते. बाग त्यांच्यापैकीच एका घराची होती आणि दोघींचे नवरे त्याच फवारणीवर मजुरीला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी घेतली तेव्हा रात्रभरात विहिरीत सुमारे पंधराशे लिटर पाणी जमले होते. चौदा घरांच्या त्या वाडीला दिवसाला जितके पाणी मिळू शकत होते, त्याच्या निम्मे एका सकाळच्या फवारणीत गेले होते. तो दिवस मी विसरलेलो नाही, कारण त्याआधी मीही वार्षिक बेरजा मांडून ‘आंब्याला पाणी लागतच नाही’ असे सभांमधून सांगत असे.

असे का होते, हे जमिनीच्या रचनेत आहे. जांभा दगड सच्छिद्र आहे. पाऊस पडला की तो झपाट्याने पाणी पितो आणि जवळजवळ तितक्याच झपाट्याने सोडतो. त्याच्याखाली पांढरट चिकण मातीचा थर आणि मग काळा पाषाण असतो. मुरलेले पाणी त्या चिकण थरावरून सरकत उताराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते आणि पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीला मिळते. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र चाळीस-साठ किलोमीटरवर आहे, त्यामुळे नद्याही आखूड आणि धावत्या. राज्याच्या क्षेत्रफळाचा दहावा हिस्सा असलेल्या कोकणात राज्याच्या एकूण पाण्याचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग उपलब्ध आहे, असे माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात मांडले होते. ते खरेच आहे. पण हे पाणी ऑगस्टमध्ये आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. त्यातले पावसाळ्यानंतरचे आणि मे महिन्याचे आकडे शेजारी ठेवले की एकाच गावात दोन प्रदेश राहतात असे वाटते.

म्हणून कोकणातल्या कोणत्याही वस्तूचा पाण्याचा हिशेब किलोवर आणि वर्षावर मांडला तर तो दिशाभूल करतो. तो महिन्यावर आणि उगमावर मांडायला हवा: हे पाणी कोणत्या महिन्यात, कोणत्या विहिरीतून, आणि त्याच वेळी आणखी कोणाला हवे असताना घेतले. या कसोटीवर आपल्या नेहमीच्या समजुती बऱ्याच बदलतात.

नारळाचे उदाहरण घ्या. जागतिक सरासरीत नारळाचे निळे पाणी जवळजवळ शून्य दाखवतात, कारण जगातले बहुतेक माड पावसावर आहेत. आपल्या आगरात मात्र माडाला डिसेंबर ते मे शिपणे असते. ठिबकने दिवसाला ३५ लिटर दिले तरी दीडशे दिवसांचे ५,२५० लिटर होतात; माडाला वर्षाला नव्वद नारळ धरले तर एका नारळामागे साठ लिटरच्या घरात निळे पाणी येते, तेही ऐन उन्हाळ्यातले. पाटाने सोडलेले पाणी याहून कितीतरी अधिक लागते, पण त्यातले बरेचसे पुन्हा वाळूत मुरून शेजारच्या विहिरीला मिळते, हेही विसरू नये. किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पंपाने ते अधाशीपणाने ओढले की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. रहाट होता तेव्हा माणसाचा किंवा बैलाचा दम हीच मर्यादा होती. पाच अश्वशक्तीच्या पंपाला ती मर्यादा नाही, आणि एकदा मचूळ झालेली विहीर परत गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात.

मासळीचे तर आकडेच वेगळे. समुद्रातल्या बांगड्याला किंवा सुरमईला वाढायला गोडे पाणी लागत नाही, म्हणून पाण्याच्या दृष्टीने कोकणातून बाहेर जाणारी ही सर्वांत हलकी वस्तू. पण मासळी ताजी ठेवायला जवळजवळ तिच्या वजनाइतका बर्फ लागतो, आणि बर्फ गोड्या पाण्याचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे पाणी मुबलक असलेल्या दोन महिन्यांत बर्फाची मागणी बसलेली आणि उरलेले दहा महिने चढलेली. पर्यटनाचेही तेच गणित आहे. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दिवसाला ५५ लिटरचे प्रमाण ठरवले आहे. मे महिन्यात किनाऱ्यावर राहायला आलेला पाहुणा त्याच्या तिप्पट-चौपट पाणी सहज वापरतो. तोही एका अर्थाने पाण्याचा व्यापारच आहे, फक्त गिऱ्हाईक इथे येऊन माल वापरतो.

चिऱ्याबद्दल, म्हणजे बांधकामासाठी कापलेल्या जांभ्याबद्दल, मला विशेष बोलायचे आहे, कारण पाण्याच्या हिशेबात ते कधीच येत नाही. चिरेखाणीतून ट्रक भरून जांभा बाहेर जातो. एका चिऱ्यामागे किती लिटर पाणी लागले हे मोजणे व्यर्थ आहे. कापताना लागते ते थोडेच. मात्र ज्या थरात पावसाळ्याचे पाणी दिवाळीपर्यंत धरून ठेवले जात होते, तो थरच उचलला जातो. काही जुन्या खाणींमध्ये पाणी साठते आणि गावाला उपयोगी पडते हे मी पाहिले आहे. तरीही झऱ्याच्या वरच्या अंगाला खाण सुरू झाल्यावर पुढच्याच एक-दोन वर्षांत तो झरा महिनाभर आधी आटलेलाही मी मोजला आहे. खाणीला परवानगी देताना खालचा झरा कुठे फुटतो हे पाहिले गेलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आता व्यापाराची दुसरी बाजू, जिच्याविषयी तुम्ही विचारले नाही, पण माझ्या मते तीच मोठी आहे. कोकणात बाहेरून काय येते? साखर, गहू, कांदा, भाजी, दूध, आणि आता तांदूळसुद्धा. आंबोली, फोंडा, करूळ, आंबा, कुंभार्ली या घाटांतून पहाटे उतरणारे टेंपो पाहा; कोल्हापूर, सांगली, बेळगावची भाजी आणि दूध त्यांतून येते. एका साखरेचाच हिशेब करू. उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर पाणी लागते. हेक्टरी नव्वद टन ऊस आणि अकरा टक्के उतारा धरला तर दहा टनांच्या आसपास साखर होते, म्हणजे किलोमागे २,००० लिटर. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. तेव्हा या दोन हजारांतला निम्म्याहून मोठा भाग धरणाचा किंवा विहिरीचा, म्हणजे निळा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर लागली तर तिच्यामागे १०,००० लिटर पाणी येते. त्याच घराला ५५ लिटरच्या प्रमाणाने महिनाभर नळाचे जे पाणी मिळायला हवे ते ८,२५० लिटर. राज्यातल्या सर्वांत भिजणाऱ्या पट्ट्यातले घर राज्यातल्या कोरड्या पट्ट्याकडून नळापेक्षा अधिक पाणी केवळ साखरेच्या डब्यातून घेते. रेशनच्या गव्हाचा काही भाग पंजाबचा असतो, आणि पंजाबात दरवर्षी जितके भूजल भरते त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते.

सगळ्याच आयातीला हा दोष लावू नये. लातूरची तूर बहुतांशी पावसावर येते. तिच्यात हिरवे पाणीच अधिक. आणि कोकणाने ऊस लावावा असेही मी मुळीच म्हणणार नाही. परंतु भाताबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. खरिपाचे भात एकशेदहा दिवसांत साधारण साडेचारशे मिलिमीटर पाणी हवेत सोडते. हेक्टरी तीन टन धरले तर किलोमागे दीड हजार लिटर, सगळे पावसाचे, आणि ज्या महिन्यांत पाणी कोणालाच कमी नसते त्या महिन्यांतले. खाचरात तुंबलेले बाकीचे पाणी वाया जात नाही. बांधांनी अडवलेले ते पाणी सावकाश मुरते आणि खालच्या विहिरीला दिवाळीनंतरही पुरवत राहते. मजूर मिळत नाहीत, रानडुकरे आणि माकडे पीक ठेवत नाहीत, मुले मुंबई-पुण्याला आहेत, म्हणून खाचरे पड पडली. कारणे खरी आहेत आणि पड टाकणाऱ्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण बांध फुटले की मुरणे थांबते, आणि त्या घरचा तांदूळ मग दूरच्या कुणाच्या तरी भूजलावर पिकून येतो. भातानंतर मातीतल्या ओलीवर घेतलेला कुळीथ, पावटा, चवळी यांना तर शिंपण्याचे पाणी लागतच नाही; जी ओल उघड्या जमिनीतून नुसतीच उडून गेली असती तिचे ते धान्य होते. उन्हाळ्यातल्या वायंगणाची गोष्ट निराळी. ते भात बारमाही पऱ्ह्या असेल तिथेच घ्यावे.

कोयनेचा उल्लेख केल्याशिवाय कोकणच्या पाण्याचा हिशेब पूर्ण होत नाही. कृष्णेच्या खोऱ्यातले कोयनेचे पाणी सह्याद्रीतील बोगद्यांतून पोफळीला उतरवून १,९६० मेगावॉट क्षमतेची वीज केली जाते. कृष्णा पाणीवाटप लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळवण्याची मर्यादा घातली. एका युनिट विजेमागे ढोबळमानाने साडेसातशे ते हजार लिटर पाणी डोंगर उतरते. वीज राज्यभर जाते, साताऱ्या-सांगलीच्या दृष्टीने ते पाणी खोऱ्यातून कायमचे गेले, आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत सोडलेल्या त्या अवजलातला (वीज करून झालेल्या पाण्यातला) थोडासाच भाग उद्योग आणि गावे वापरतात. बाकीचे दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. आभासी पाणी विजेच्या तारांतून गेले आणि खरे पाणी आपल्या दारात उरले. ते उन्हाळ्यातही वाहते, म्हणूनच मोलाचे आहे. ते पुन्हा वर चढवण्याच्या योजना अधूनमधून मांडल्या जातात. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर उचलायला सुमारे दोन युनिट वीज लागते, हे गणित त्या वेळी समोर ठेवावे. त्यापेक्षा त्याच खोऱ्यातील गावांना हे पाणी नळाने आणि उन्हाळी भाजीपाल्याला मिळाले, तर घाटावरून उतरणाऱ्या टेंपोंतले काही तरी कमी होतील.

करड्या पाण्याबद्दल थोडक्यात. महाड, लोटे-परशुराम, तारापूर अशा रासायनिक वसाहतींमधून बाहेर जाणाऱ्या मालाचा खरा भार निळ्या पाण्यात नसून सांडपाणी पातळ करणाऱ्या पाण्यात मोजायला हवा. जुलैत नदीला पूर असताना जे सोडलेले जाणवत नाही, तेच एप्रिलमध्ये खाडीतल्या मासळीला पुरून उरते. इथेही महिना हाच मुख्य प्रश्न आहे.

आता ताईंच्या बागेपुरते. कलमे तोडू नका. साठ कलमांच्या सहा फवारण्यांना ५,४०० लिटर पाणी लागेल. धुण्या-विसळण्याचे धरून सात हजार. तुमच्या घराचे किंवा पडवीचे पन्नास चौरस मीटर छप्पर असेल, तर त्यावर वर्षाला दीड लाख लिटर पाऊस पडतो. सात हजार लिटरची झाकणबंद टाकी जुलैतल्या दोन-तीन चांगल्या दिवसांत भरते. ती बागेच्या वरच्या अंगाला बसवली तर पंपाचा खर्चही वाचतो. टाकी झाकलेलीच हवी. उघड्या तळ्यातून दिवाळी ते मे या काळात जवळजवळ मीटरभर पाणी उडून जाते, त्यामुळे उथळ तळे मार्चपर्यंत टिकत नाही. नवी रोपे लावणार असाल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सुचवलेले कोकण जलकुंड, म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याचा अस्तर घातलेला लहान खड्डा, पाहून घ्या. पऱ्ह्या जवळ असेल तर ऑक्टोबरमध्ये, प्रवाह अजून चालू असतानाच, वाडीने मिळून कच्चा किंवा दगड रचून केलेला विजय बंधारा घालावा; डिसेंबरमध्ये घातलेल्या बंधाऱ्यामागे साठायला फारसे काही उरलेले नसते.

आणि यंदा एक वही ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी पाणी काढायच्या आधी, विहिरीच्या काठाच्या एकाच दगडापासून दोरी सोडून पातळी मोजा आणि लिहा. ज्या दिवशी फवारणी असेल त्या दिवशी किती पिंपे भरली तेही लिहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पातळी पुन्हा घ्या. मे अखेरीस ती पाने माझ्याकडे पाठवलीत, तर तुमच्या वाडीला टँकर कोणत्या आठवड्यात आणि कशामुळे लागतो, हे मी त्यावरून सांगू शकेन.